बाबांना वाढदिवसाला मी ब्लड टेस्ट भेट दिली

रात्री पावणेदहाला बाबांच्या फोनवर रिपोर्टची पीडीएफ आली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. नेहमीप्रमाणे मला फॉरवर्ड केली आणि खाली लिहिलं, "बघ गं जरा, सगळं ठीक आहे ना?"

मी बंगळुरूत, ते वडोदऱ्यात. माझ्यासमोर दहीभाताची वाटी होती आणि मी एका हाताने पानं सरकवत होते. कोलेस्टेरॉल ठीक. थायरॉइड ठीक. व्हिटॅमिन डी कमी, ते तर आजकाल ज्याचं बघावं त्याचं कमीच असतं. अकराव्या पानावर मात्र एक आकडा लाल रंगात होता. सीए १९-९ : ६२. शेजारी लिहिलं होतं, नॉर्मल ३७ पर्यंत.

ही टेस्ट कशाची असते, हे मला गूगल करावं लागलं नाही. तिच्याबद्दल मीच तर लिहिलं होतं.

शिंप्याला आमच्या आधी कळलं होतं

आधी तुम्हाला माझ्या आत्याबद्दल सांगते.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहायची. दर दिवाळीला तिच्याकडून वडोदऱ्याला चकल्यांचा डबा आणि शेंगदाण्याची चटणी यायची. एकसष्टाव्या वर्षी तिला अचानक शुगर निघाली. घरात कुणालाच मधुमेह नव्हता, पण हल्ली सगळ्यांनाच होतो म्हणून कुणी फारसा विचार केला नाही. गोळ्या सुरू झाल्या. त्याच सुमारास ती बारीक व्हायला लागली. गोड बंद केलंय, सकाळी चालायला जाते, म्हणून असेल असं आम्हाला वाटलं. लग्नकार्यात बायका तिला विचारायच्या, "काय डाएट करतेस?" मीसुद्धा व्हिडिओ कॉलवर ओरडले होते, "आत्या, कसली भारी दिसतेयस!"

ते वाक्य मला अजून टोचतं.

सहा महिन्यांत तिने ब्लाउज तीनदा आत घेतले. तिसऱ्या वेळी शिंपी म्हणाला, "ताई, आता आत घेण्यापेक्षा नवीनच शिवा." हे आम्हाला ती गेल्यानंतर कळलं.

मग पाठ दुखायला लागली. मग डोळे पिवळे झाले. कावीळ म्हटल्यावर खेड्यात जे होतं तेच झालं. शेजारच्या गावात एक जण कावीळ उतरवतो, तिथे तिला नेलं. गळ्यात मुळ्यांची माळ, तेल-तूप बंद, उसाचा रस चालू. मधुमेहाच्या बाईला उसाचा रस! यात तीन आठवडे गेले. अंगाला खाज सुटून झोप येईना, तेव्हा कुठे तिला शहरातल्या दवाखान्यात नेलं आणि सीटी स्कॅन झाला. स्वादुपिंडात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोहोचली होती. त्यानंतर आत्या पाच महिने जगली.

स्वादुपिंड म्हणजे इंग्रजीत पॅन्क्रियाज. जेमतेम १५ सेंटीमीटर लांबीचा हा अवयव जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवा असतो. अन्न पचवणारे रस आणि साखर ताब्यात ठेवणारं इन्सुलिन तो तयार करतो. तो इतका आत असतो की लहान गाठ डॉक्टरांच्या हाताला लागत नाही आणि सुरुवातीला दुखतही नाही. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचं १७ मार्च २०१९ रोजी याच आजाराने निधन झालं, तेव्हा अनेक घरांत हा शब्द पहिल्यांदा बोलला गेला असेल.

अमेरिकेतले आकडे सांगतात की हा कॅन्सर झालेल्या १०० जणांपैकी पाच वर्षांनी साधारण १३ जण हयात असतात. पण गाठ स्वादुपिंडातच असताना सापडली, तर हाच आकडा चाळीसच्या वर जातो. सगळा फरक वेळेत सापडण्याचा आहे. म्हणून "लवकर पकडणारी टेस्ट" असे शब्द दिसले की माझ्यासारख्या घरातली माणसं लगेच थांबतात.

माझी हेडलाइन

मी बीए इंग्लिश करून कंटेंट रायटर झाले. शाम्पूपासून शेअर बाजारापर्यंत कशावरही लिहिते. गेल्या वर्षी एका लॅबचं काम आलं. कोणती, ते सांगत नाही. त्यांच्या हेल्थ चेकअप पॅकेजमध्ये काही 'कॅन्सर मार्कर' होते आणि त्यातलाच एक सीए १९-९. सुई एकदाच टोचायची, स्कॅन नाही, नळी नाही, घरी येऊन सॅम्पल नेणार. मी लिहिलं, "एक थेंब रक्त, वर्षभराची निश्चिंती." ओळ सगळ्यांना आवडली. मलाही आवडली. लिहिताना डोळ्यांसमोर आत्याच होती, म्हणून ती खोटी वाटलीच नाही.

बाबांचा अठ्ठावन्नावा वाढदिवस आला, तेव्हा मी तेच पॅकेज त्यांच्यासाठी बुक केलं. चाळीस टक्के सूट होती.

"मला काय धाड भरलीय?" बाबा म्हणाले.

"आत्यालाही असंच वाटत होतं," मी म्हटलं. त्यावर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी बाही वर करून बसले.

अठरा दिवस

त्या लाल आकड्यापासून नेमकं काय आहे हे कळेपर्यंत अठरा दिवस गेले. मी सुट्टी टाकून घरी आले. बाबा कुणाशी फार बोलत नव्हते. एका संध्याकाळी त्यांनी कपाटातून एलआयसीची फाइल काढली, पॉलिसी एकाखाली एक लावल्या आणि लॉकरची किल्ली कुठे असते ते आईला दाखवलं. तीस वर्षं ती किल्ली तिथेच असते आणि आईला ते पक्कं माहीत आहे. तरी तिने मान डोलावली. नंतर स्वयंपाकघरात मला हळूच विचारलं, "ताईंसारखं नाही ना गं?"

मी काय सांगणार? मी फक्त हेडलाइन लिहिली होती.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. पित्ताची नळी थोडी फुगलेली होती. आतड्यांतल्या वायूमुळे स्वादुपिंड मात्र नीट दिसलं नाही, त्यामुळे धाकधूक वाढली. मग एमआरसीपी झालं. हा एमआरआयचाच एक प्रकार आहे. त्यात पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी स्पष्ट दिसते. पित्तनलिकेत एक खडा अडकला होता. गाठ कुठेच नव्हती. तोंडातून दुर्बीण घालून खडा काढला. दीड महिन्याने तीच रक्ततपासणी पुन्हा केली, तर आकडा १८ आला.

घरात पेढे वाटले गेले. काका म्हणाले, "बघ, टेस्ट केलीस म्हणून तर खडा सापडला!"

मलाही तसंच म्हणायचं होतं. पण पोटविकारांच्या डॉक्टर मॅडमनी बाबांना विचारलं, "जेवणानंतर उजव्या बाजूला दुखायचं का?" बाबा खाली बघत म्हणाले, "चार महिन्यांपासून." ते ओवा खात होते, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेत होते आणि आम्हाला कुणाला काही बोलले नव्हते. मॅडम म्हणाल्या, "तेव्हाच सांगितलं असतं, तर साध्या सोनोग्राफीत आणि लिव्हरच्या रक्ततपासणीत हे कळलं असतं. एवढं घाबरायची वेळच आली नसती."

मग त्यांनी सीए १९-९ समजावून सांगितलं. ज्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला आहे हे आधीच ठाऊक आहे, त्याच्यावर उपचार लागू पडतायत का, हे बघायला ही टेस्ट कामाची आहे. धडधाकट माणसात कॅन्सर शोधायला नाही. पित्तनलिकेत खडा अडकला, कावीळ झाली, स्वादुपिंडाला सूज आली, तरी हा आकडा वाढतो. उलट कॅन्सर लहान असताना तो नॉर्मल असू शकतो. आणि १०० पैकी ५ ते १० माणसांच्या शरीरात हा पदार्थ तयारच होत नाही. त्यांची टेस्ट आजार बळावला तरी नॉर्मल येऊ शकते.

"हे पॅकेज कुणी सुचवलं?" त्यांनी विचारलं.

"मी," एवढंच म्हटलं. जाहिरातही मीच लिहिली होती, हे तेव्हा सांगायचं धाडस झालं नाही. ते आज तुम्हाला सांगते आहे.

एक लाख माणसांचं गणित

घरी आल्यावर मी कागद घेऊन बसले. हे गणित तुम्हीही माझ्याबरोबर करून बघा, अवघड नाही.

समजा, एक लाख माणसं आहेत. कुणालाच काही त्रास नाही. त्यातल्या दहा जणांना नकळत हा कॅन्सर आहे. आणि समजा, आपल्याकडे एक चांगली टेस्ट आहे. आजारी असलेल्या १०० पैकी ९० जणांना ती पकडते आणि निरोगी असलेल्या १०० पैकी ९५ जणांना बरोबर 'नॉर्मल' सांगते. ऐकायला छान वाटतं ना?

दहापैकी नऊ आजारी सापडले. पण उरलेल्या ९९,९९० निरोगी माणसांपैकी पाच टक्के, म्हणजे जवळजवळ ५,००० जणांनाही लाल आकडा आला. एकूण ५,००९ घरांत रात्री पावणेदहाला पीडीएफ उघडली जाणार, ५,००९ घरांत एलआयसीच्या फाइली निघणार, आणि त्यातल्या फक्त नऊ घरांत खरोखर आजार असणार. शिवाय एक जण असा, ज्याला आजार आहे पण रिपोर्ट 'नॉर्मल' आला. तो आता पाठ दुखली तरी दुर्लक्ष करणार.

आजार जितका विरळ, तितकं हे गणित बिघडतं. पहिली टेस्ट रक्ताच्या एका नळीची असते, पण लाल आकड्यानंतरची वाट तशी नसते. स्कॅन होतात, तोंडातून दुर्बीण जाते, कधी सुईने तुकडा काढतात. स्वादुपिंडाचं ऑपरेशन तर पोटाच्या सगळ्यात मोठ्या ऑपरेशनांपैकी एक. म्हणूनच अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट सांगितलं, की ज्यांना लक्षणं नाहीत आणि विशेष धोकाही नाही अशा लोकांची या कॅन्सरसाठी सरसकट तपासणी करू नये. फायद्यापेक्षा तोटा जास्त.

माझ्या हेडलाइनमधली 'निश्चिंती' या गणितात कुठेच बसत नव्हती.

मग काहीच नाही का?

आहे. पण ते अजून दुकानात मिळत नाही.

तुमच्याही फॅमिली ग्रुपवर तो मेसेज आला असेल, "१५ वर्षांच्या मुलाने शोधली कॅन्सरची स्वस्त टेस्ट". तो मुलगा खरा आहे. अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जॅक अँड्राकाने २०१२ मध्ये कागदाच्या पट्टीवरच्या प्रयोगासाठी विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धेतलं सर्वोच्च बक्षीस मिळवलं. पण त्या पट्टीवर जे प्रथिन मोजायचं होतं, ते इतर कॅन्सरमध्येही वाढतं, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. इतक्या वर्षांत ती टेस्ट दवाखान्यात आलेली नाही. मुलाची जिद्द खोटी नव्हती, पण मेसेजमधला 'शोध लागला' हा शब्द घाईचा होता.

खरं काम हळूहळू चाललं आहे आणि ते वाचताना मला फार बरं वाटलं.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये 'बिलीस्क्रीन' नावाचं मोबाइल अ‍ॅप तयार केलं. स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात गाठ झाली, की ती पित्तनलिकेवर दाब देते आणि कावीळ होते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पिवळेपणा आपल्याला दिसेपर्यंत बराच वाढलेला असतो. तो त्याआधी फोनच्या कॅमेऱ्याला दिसावा, ही कल्पना. ७० जणांवरच्या पहिल्या चाचणीत, काळजी करण्यासारख्या १०० पैकी जवळपास ९० केसेस त्याने ओळखल्या. अर्थात कावीळ शंभर कारणांनी होते आणि शेपटाकडच्या गाठीने सहसा होतच नाही. म्हणजे अ‍ॅप फार तर 'डॉक्टरकडे जा' इतकंच सांगू शकेल. पण आमच्या आत्याला तीन आठवडे आधी कुणी एवढं जरी ठामपणे सांगितलं असतं!

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या चमूने लघवीतली तीन प्रथिनं मोजून हा कॅन्सर ओळखता येतो का, ते पाहिलं. २०२० मध्ये त्यांनी ५९० नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लंडनच्याच इंपीरियल कॉलेजमध्ये श्वासातल्या वासाच्या कणांवर काम चालू आहे.

आणि चीनमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये 'पांडा' नावाची संगणकप्रणाली पुढे आणली. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या साध्या सीटी स्कॅनमध्ये, डॉक्टरांच्या नजरेला सहज न दिसणारी स्वादुपिंडातली गाठ ती शोधते. २०,५३० रुग्णांवर तपासलं, तेव्हा आजारी असलेल्या १०० पैकी जवळपास ९३ जण तिने पकडले आणि निरोगी असलेल्या १,००० पैकी ९९९ जणांना बरोबर निरोगी सांगितलं. आता आपलं एक लाखाचं गणित पुन्हा मांडा. पाच हजार घाबरलेल्या घरांच्या जागी शंभर घरं उरतात. सगळा खेळ इथे आहे. ही तपासणी दवाखान्यात आलेल्या रुग्णांवरची आहे आणि सगळ्यांना उगाच सीटी स्कॅनचे क्ष-किरण द्यायचे नसतात, हे खरं. पण दिशा दिसते.

या वाचनात एक जुना अभ्यास मिळाला आणि मी बराच वेळ त्यावरच थांबले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. सुरेश चारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तो प्रसिद्ध केला. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या २,१२२ जणांपैकी १८ जणांना तीन वर्षांच्या आत स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. म्हणजे २,१०४ जणांना निघाला नाही, हेही तितकंच मोठ्याने वाचा. पण हाच धागा धरून पुढे २०१८ मध्ये डॉक्टरांसाठी एक साधी मोजणी तयार झाली. साखर किती झपाट्याने वाढली, वजन कमी झालं की वाढलं आणि वय किती, या तीन गोष्टींवरून कुणाची पुढची तपासणी करायची ते ठरवता येतं. एरवीचा मधुमेह बहुतेक वेळा वाढत्या वजनाबरोबर येतो. साखर वाढते आहे आणि वजन मात्र घटतं आहे, हे उलटं चित्र.

आत्याचं चित्र नेमकं हेच होतं. साखर, वजन, वय, तिन्ही गोष्टी आमच्यासमोर होत्या. त्यांना टेस्ट लागत नव्हती. ब्लाउज लागत होते.

आजीचं 'छातीचं दुखणं'

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना डॉक्टर मॅडमनी अजून एक प्रश्न विचारला होता. "तुमच्या बहिणीशिवाय घरात आणखी कुणाला कॅन्सर?"

बाबा लगेच म्हणाले, "नाही."

"आई कशाने गेल्या?"

"छातीच्या दुखण्याने."

मीही लहानपणापासून हेच ऐकत आले होते. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी आजी गेली, म्हणजे हार्ट अटॅक असणार, असं मी धरून चालले होते. मॅडम म्हणाल्या, "घरी एकदा नीट विचारून बघा."

मी बाबांच्या काकूंना फोन लावला. त्या ८१ वर्षांच्या आहेत, गावीच असतात आणि त्यांना सगळं आठवतं. "हृदयाचं कुठलं गं बाई," त्या म्हणाल्या. "गाठ होती तिला. चव्वेचाळीस वर्षांची होती. मिरजेला नेऊन काढली. तुझ्या आत्याचं लग्न व्हायचं होतं ना तेव्हा, म्हणून मामंजींनी सगळ्यांना सांगितलं, बाहेर बोलायचं नाही." तीन वर्षांनी आजी गेली. बाबा तेव्हा अठरा वर्षांचे होते. त्यांनाही 'छातीचं दुखणं' एवढंच सांगितलं गेलं.

आईला कमी वयात स्तनाचा कॅन्सर, मुलीला स्वादुपिंडाचा. मॅडमनी हे ऐकलं आणि पहिल्यांदाच वहीत काहीतरी लिहिलं. स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरशी जोडलेले बीआरसीए नावाचे जनुकातले दोष स्वादुपिंडाच्या कॅन्सरचाही धोका वाढवतात. ते आईकडून येतात तसे वडिलांकडूनही येतात, मुलीकडे जातात तसे मुलाकडेही. एका पिढीतून पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता निम्मी. तपासणी रक्ताच्या किंवा थुंकीच्या नमुन्यावर होते, पण आधी समुपदेशकाशी नीट बोलून.

सरसकट तपासणी नको म्हणणारे तज्ज्ञ अशा घरांबद्दल मात्र वेगळं बोलतात. अमेरिकेत अशा जास्त धोक्याच्या १,४६१ जणांवर एमआरआय आणि दुर्बिणीतून केलेल्या सोनोग्राफीने नियमित लक्ष ठेवलं गेलं. २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. दहा जणांना हा कॅन्सर झाला. त्यातल्या एकाने तपासणीला येणं थांबवलं होतं आणि त्याचा आजार पसरल्यावर कळला. उरलेल्या नऊपैकी सात जणांचा पहिल्याच टप्प्यात सापडला. हा आजार पहिल्या टप्प्यात सापडणं किती दुर्मिळ असतं, ते आता तुम्हाला माहीत आहे.

एरवी भेट म्हणून दिलेल्या पॅकेजने जे केलं नाही, ते ८१ वर्षांच्या काकू-आजींच्या एका फोनने केलं. सुई नाही, नळी नाही, स्कॅन नाही.

बाबांनी मागच्या आठवड्यात जनुक तपासणीसाठी रक्त दिलं. माझ्या आतेभावालाही सगळं सांगितलं आहे. आधी तो चिडला, "आई गेल्यावर हे कशाला उकरताय?" दोन दिवसांनी त्यानेच डॉक्टरांचा नंबर मागितला.

तुम्ही काय कराल

मी डॉक्टर नाही. त्यामुळे हा सल्ला नाही, आमच्या घराने उशिरा शिकलेल्या चार गोष्टी आहेत. ठरवायचं ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

• पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला किंवा असलेली साखर एकदम बिघडली आणि प्रयत्न न करता वजन उतरत असेल, तर दोन्ही गोष्टी डॉक्टरांना एकत्र सांगा. 'छान बारीक झालात' म्हणण्याआधी विचारा, मुद्दाम केलंत का?

• डोळे पिवळे, लघवी गर्द, शौचाचा रंग फिकट, अंगाला खाज. पोट दुखत नसलं तरी ही कावीळ आधी डॉक्टरांना दाखवा. उतरवायला नेण्यात आठवडे घालवू नका.

• पाठीकडे जाणारी पोटदुखी, तेलकट चिकट शौच, न ओसरणारं अपचन, हे ओव्यावर ढकलू नका. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं, बाबांसारखं. पण ते निघू तरी द्या.

• घरात कुणाला कोणता कॅन्सर, कितव्या वर्षी झाला, हे आई आणि वडील दोघांच्या बाजूने लिहून ठेवा. जवळच्या नात्यात स्वादुपिंडाचा, किंवा कमी वयात स्तनाचा वा बीजांडकोशाचा कॅन्सर असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि तंबाखू, सिगारेट सोडा. या आजाराचा धोका त्याने वाढतो आणि ते आपल्या हातात आहे.

• चेकअप पॅकेजमध्ये 'कॅन्सर मार्कर' दिसला, तर विकत घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, "हा मला कशासाठी लागेल?"

मी ती हेडलाइन बदलून द्यायचा प्रयत्न केला. आमच्या टीम लीडला सगळं समजावून सांगितलं. पॅकेज अजून विकलं जातंय, माझी ओळही तिथेच आहे. मी फक्त त्या लॅबचं पुढचं काम घेतलं नाही. फार मोठं काही केलं असं नाही.

हा लेख लिहितेय म्हटल्यावर आई म्हणाली, "हे कुठे छापू नकोस बाई, तुझं लग्न व्हायचंय." आजीच्या वेळी मामंजी जे बोलले, शब्द न् शब्द तेच. त्रेचाळीस वर्षांनी. आईचा राग आला नाही. तिचं काय चुकलं? गाठ लपवण्यामागे तेव्हाही माया होती आणि आताही मायाच आहे. मी बाबांकडे बघितलं. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "लिही."

त्यांचा रिपोर्ट अजून यायचा आहे. दोष निघाला, तर त्यांचं नियमित स्कॅनिंग सुरू होईल, आणि मग माझीही तपासणी करायची की नाही, ते ठरवावं लागेल. नाही निघाला, तर त्यांच्याकडून माझ्याकडे येण्याचा प्रश्नच मिटला. दोन्हीपैकी काय होईल माहीत नाही आणि रात्री कधी कधी झोप लागत नाही, हे खोटं कशाला सांगू?

पण एक बदल झालाय. दर रविवारी सकाळी बाबांचा मेसेज येतो. गुड मॉर्निंगची फुलं नसतात आता. "पोट ठीक. वजन ७१. तू जेवलीस का?" एवढंच असतं.

आज तुमच्या घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला एक फोन करा. तब्येत विचारा, मग हळूच विचारा, "आजी नेमकी कशाने गेली होती?" उत्तर द्यायला ते माणूस आहे, तोवर विचारून घ्या.